दोन बोटं मिटून

गुरुवारी सकाळी भूषणचं जर्किन भिजवायच्या आधी मी खिसा चाचपला, तर आत कुणाचा तरी हात लागला. मी किंचाळलेच. मोजा होता. दापोड्याच्या थंड गोदामात वाटाणे, कोळंबी, आइस्क्रीम असलं सगळं उणे अठरावर ठेवतात, तिथल्या कामगारांना देतात तो निळा, जाडजूड, पाच बोटांचा हातमोजा. रिकामा मोजा खिशात चपटा पडून राहतो. हा भरलेला होता. करंगळी दाबून बघितली, टणक. तिच्या शेजारचं बोट दाबलं, तेही टणक. नखाने उकरलं तर करंगळीतून सुताची चिंधी निघाली, लूमवर वाया जाते ती, पीळ घालून घट्ट कोंबलेली. दुसऱ्या बोटातून निघालेला बोळा ओला होता. त्याच्या टोकाला पिवळट डाग, आणि मधोमध तपकिरी ठिपका. अंगणवाडीत एकवीस वर्षं पोरांचे ढोपर-कोपर पुसलेत मी, जुनं रक्त मला कुणी ओळखून द्यायला नको. मी बोळे तसेच परत कोंबले, मोजा खिशात ठेवला, जर्किन खुंटीला अडकवलं आणि बादलीतल्या साबणाच्या पाण्याकडे बघत मोरीत उभी राहिले. ते पाणी शेवटी तसंच ओतून दिलं.

भूषण म्हणजे बुद्धभूषण, माझा धाकटा भाऊ. अडीच वर्षांपूर्वी निजामपुऱ्यात एका कारखान्यात लूमच्या दातेरी चाकात त्याचा उजवा हात गेला आणि दोन बोटं गेली. दोन वर्षं घरात बसून होता, मग सहा महिन्यांपूर्वी हे गोदामाचं काम मिळालं. आमच्या खोल्या लागून आहेत, मध्ये एक भिंत. एकीत मी एकटी, दुसरीत तो, त्याची बायको स्नेहल आणि त्यांची मुलगी. स्नेहलच्या आईचा पाय मोडला म्हणून ती मुलीला घेऊन खारबावला गेली होती, त्यामुळे आठ दिवस त्याचं जेवण आणि कपडे माझ्याकडे. नाहीतर तो मोजा मला दिसलाच नसता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला स्नेहलचाच राग आला, की बाई तू गेलीसच कशाला.

तो चहाला आला तेव्हा मी मोजा त्याच्यापुढे टाकला. "हे काय आहे?"

"मोजा."

"ते दिसतंय मला. आत काय आहे?"

"ताई, तू माझे खिसे कशाला बघते?" त्याने कप डाव्या हातात घेतला. उजवा नेहमीसारखा रुमालात गुंडाळून मांडीवर. "रिकामी बोटं लटकतात. सुपरवायझरला दिसतात. तिकडं कुणाला म्हाईत न्हाय."

"सहा महिने कुणाला माहीत नाही?"

"सगळ्यांचे हात मोज्यातच असतात. चहाला बाहेर आलो का हा हात खिशात, डाव्याने पितो. लेफ्टी म्हणतात मला." हे त्याने जरा ऐटीत सांगितलं. "कळलं तर काढतील. कामावर लागताना फॉर्मवर लिवलंय मी, शरीरात काय खोट न्हाय म्हणून."

"आणि रक्त?"

"बोळा भिजतो, मग गोठतो. घासतो जरासा."

जरासा! कानाखाली द्यावीशी वाटली. थंडीने मेलेली कातडी काळी पडते, आणि काळी पडली की कापावी लागते, एवढं मला कळतं. उरलेला हात नाहीतर नोकरी, असा मामला होता, आणि हा गाढव नोकरीच्या बाजूने उभा होता. "दाखव बघू," मी म्हटलं. माझा आवाज मोठा होता, पण म्हणताना माझी नजर स्टोव्हकडे होती, हे मला नंतर आठवलं. त्याने हात खिशात घातला आणि उठला. "नको. राहू दे."

तो गेला आणि माझ्या पायांना चैन पडेना. खोलीत चार पावलं इकडे, चार तिकडे, यापलीकडे चालायला जागा नाही. अजून कापावं लागलं तर? आणि या वेळी सही कोण करणार? हा प्रश्न मनात आला तशी मी पटकन पेटी उघडली. आईची क्रोशाची सुई होती त्यात, लोखंडी, धरून धरून मधे गुळगुळीत झालेली. मोठ्या मोज्याच्या आत घालायचा लोकरीचा मोजा करायचा, बिनबोटांचा, तान्ह्या पोरांना घालतात तसला. अंगठा वेगळा, बाकी हात एका पिशवीत. गेलेल्या बोटांच्या जागी पिशवी बंद, म्हणजे हात कुठे हलणार नाही, घासणार नाही. मग वरच्या निळ्या मोज्यात काय बोळे कोंबायचे ते कोंब बाबा, ते हाताला लागणार नाहीत. आमची आई, बकुळा, चाळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला टोपरं आणि हातमोजे करून द्यायची. कधी पुस्तक नाही, कधी कागदावर नमुना नाही. बाळाची मूठ आपल्या मुठीत धरायची, डोळे मिटायची, आणि साखळी सुरू. कुणी म्हणालं, मावशी, हे लिहून ठेवा की, तर म्हणायची, "कागद काय सांगल? त्याला काय हात हाय?" तिचा नियम एकच होता. दर चार ओळींनी हातात घालून बघायचं. न बसला तर उसवायचं, रडायचं न्हाय. भूषणच्या वेळी मी आठ वर्षांची होते, आणि चार ओळी झाल्या की अर्धवट मोजा घेऊन पाळण्याशी धावायचं काम माझं होतं. तो मूठ उघडायचाच नाही. मी एकेक बोट सोडवायचे. पाचही बोटं मला पाठ होती.

संध्याकाळी त्याला म्हटलं, मी मोजा करते, माप दे. तो म्हणाला, "करायचा तर अंदाजाने कर. माप न्हाय देणार." का, विचारलं तर म्हणाला, "तुला कशाला त्रास." त्रास! मी दोन दिवस त्या एका शब्दावर जळत होते.

शुक्रवारी लोकर आणायला निजामपुऱ्यात गेले. गल्ल्यागल्ल्यांतून लूमची खडखड चालूच, तिच्यावर आवाज चढवूनच बोलावं लागतं. दुकानदार म्हातारा होता. मला ताई मानून म्हणाला, "बाजी, भिवंडी में ऊन? सूत माँगो, जितना चाहो." तरी त्याने माळ्यावरून एक खोका काढला, फुंकर मारली. मी धागा गालाला लावून बघितला, टोचत नव्हता. राखाडी घेतली. "बच्चे के लिए? लाल ले लो, पीला ले लो. राखी रंग कौन पहनाता है बच्चे को?" मी म्हटलं, हमारा बच्चा पहनता है. "कितने महीने का है?" अडतीस वर्षांचा आहे, मूठ उघडत नाही, असं सांगितलं असतं तर त्याने लोकर परत माळ्यावर टाकली असती. तो पुडी बांधत होता आणि मी त्याच्या बोटांकडे बघत होते. दहाच्या दहा. कालपासून हेच चाललं होतं माझं. रिक्षावाल्याचा हॅण्डलवरचा हात बघ, कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारीचे हात बघ. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस टेम्पोवर कापडाचे तागे चढवत होता, त्याचा अंगठा अर्धा होता. ते दिसलं मात्र, माझी मान आपोआप दुसरीकडे वळली. माझ्या मानेला ही सवय कधी लागली, कोण जाणे.

अंगणवाडीत पोरांच्या दंडाचा घेर मोजायचा दिवस होता. लाल, पिवळी, हिरवी पट्टी दंडाभोवती फिरवायची आणि कुठल्या रंगात येतं ते लिहायचं. जन्म गेला त्यात, डोळे मिटून करीन. त्या दिवशी एका पोरीचा दंड मी तीनदा मोजला आणि तीनदा आकडा विसरले. तिची आई म्हणाली, "बाई, काय झालं? जास्तच वाळली का पोर?" नाही गं बाई, पोर ठणठणीत आहे, मीच ठिकाणावर नाही. अख्ख्या वस्तीच्या पोरांचे दंड मोजणारी मी, आणि भिंतीपलीकडच्या भावाचा हात मला मोजता येत नव्हता. त्यानेच नको म्हटलं ना, मग माझा काय दोष, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते. पण त्याचं नको ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं, ते कुणाला सांगू? लाज वाटली मला.

कारण अपघाताच्या दिवशीचं सगळं माझ्या अंगावर आहे. मुकादमाने भूषणला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं होतं आणि बोटं मागून आणली, मासेवालीकडच्या बर्फात, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. दोन बोटं. पिशवी त्याने माझ्या हातात दिली. स्नेहल पोचायची होती, पोटुशी होती बिचारी. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण नीट बोलला. म्हणाला, बोटं बर्फात आणलीत ते बरं केलंत. आत्ताच्या आत्ता मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलंत तर जोडायचा प्रयत्न होऊ शकेल, खात्री नाही. इथे ठेवायचं तर हात साफ करून जखम बंद करावी लागेल. काय करायचं ते लवकर सांगा. मी म्हटलं, इथेच करा. बायपासला ट्रकांची रांग असेल, रस्त्यातच रक्त जाऊन तो मरेल, असं मला वाटलं, आणि ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही. अॅम्ब्युलन्समध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मला बसायचं नव्हतं. बर्फाचं पाणी पिशवीतून माझ्या मनगटावर गळत होतं आणि मला ती नको होती, कशीही करून नको होती. मी सही केली. पिशवी बाकावर ठेवून खाली नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. परत आले तर पिशवी नव्हती. कुठे गेली, मी विचारलं नाही. स्नेहल आल्यावर तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले इलाजच नव्हता. मग चाळीला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, शुद्धीवर आल्यावर भूषणलाही सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की सांगताना माझे डोळे भरून यायला लागले. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

शनिवारी सुटी होती. सकाळपासून दाराशी बसून सुई चालवली. माप नाही, मग हात आणायचा कुठून? तर आम्हा दोघांचे हात आईवर गेलेत, रुंद पंजा, आखूड अंगठा. लहानपणी आम्ही भिंतीवर पंजे टेकवून खेळायचो, पुढेपुढे त्याचा पंजा माझ्या हाताला येऊन मिळाला आणि तिथेच थांबला. म्हणून मी मोजा माझ्याच हातावर केला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मिटायचं, मोजा घालून बघायचा, काढायचा, पुढे चार ओळी. मनगटाला छत्तीस साखळ्या, गोल जोडून मुके खांब, म्हणजे बुटके टाके, अंगठ्याला खाच सोडून पुन्हा वर. बाहेरच्या बाजूने दर ओळीला एक टाका कमी करत गेले, म्हणजे गेलेल्या बोटांकडे मोजा उतरता होत गेला. मिटलेली बोटं तळव्यात गोळा होतात, जागा खातात, म्हणून तिथे अंदाजाने दोन टाके आणखी कमी केले. फार हुशारी वाटली माझी मला. बोटं मिटून मिटून दुखायला लागली. एकदा दारावरून कुणी हाक मारली तर मी तशीच बाहेर गेले, दोन बोटं मिटलेली, आणि तशाच हाताने दुधाची पिशवी घेतली. ती निसटून पडली, फुटली. दूध पुसत बसले आणि एकदम रडूच फुटलं. त्याने किती दूध सांडलं असेल या अडीच वर्षांत, कुणाच्या देखत, कोण पुसत असेल.

रविवारी त्याची दुसरी शिफ्ट होती, दोनची. सव्वाला नाक्यावर कंपनीची बस येते. साडेबाराला जेवण झाल्यावर मी मोजा त्याच्यापुढे ठेवला. त्याने उलटसुलट करून बघितला. "आईसारखा झालाय," म्हणाला, आणि घेऊन आत गेला, पडदा ओढला. फार वेळ लागला. मी भांडी घासली, घासलेली परत घासली. तो बाहेर आला तेव्हा हातात राखाडी मोजा चढवलेला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"बसला ना?"

"मनगट बरोबर हाय. अंगठा पण." मग डाव्या चिमटीने त्याने मोज्याचं टोक धरलं. ते चपटं झालं, आतलं पहिलं बोट तेवढं काडीसारखं उभं आणि शेजारी नुसती लोकर. "हे रिकामं राहतं. इथं थंडी बसणार."

"तिथे मधलं बोट यायला हवं," मी म्हटलं. "नीट घाल की, आत सरकव."

"ताई," तो म्हणाला, "मधलं अर्धंच हाय."

"कधीपासून?"

आता हा काय प्रश्न झाला? पण तोंडातून गेला. तो हसला, मोठ्याने हसला. "कधीपासून! परवापासून! अगं चेंदामेंदा झालेलं ते, त्याच दिवशी ऑपरेशनमध्ये कापलं. दोन पिशवीतून आली म्हणून तू दोनच धरून बसलीस. मोजा चाचपलास तेव्हा तिसरं बोट दाबलं न्हाईस ना? त्यात पण बोळा हाय." मग त्याचं हसू गेलं. "अडीच वर्षं शेजारी बसून जेवतो आपण. तू एकदा पण बघितलं न्हाईस?"

"तू रुमाल बांधतोस, मग दिसणार कसं?"

"तुझ्यासाठी बांधतो. स्नेहलसमोर बांधतो का मी? पोरगी तर ह्या हाताशी खेळते, बोट न्हाय तिथं तोंड लावते. तू आलीस का बांधतो. पहिल्या दिवसापासून तोंड फिरवतेस तू. मला वाटलं, ताईला किळस येते. मग कशाला तुला त्रास."

"किळस नाही रे," मी म्हटलं. पुढचं थांबवता आलं असतं. मला थांबवायचं नव्हतं. "सही मी केली होती."

"म्हाईत हाय. कुणीतरी करणारच की सही."

"तसं नाही. डॉक्टर मुंबईला न्या म्हणाले होते. जोडायला बघतील म्हणाले होते. मी नको म्हटलं. इलाज नव्हता हे मी खोटं सांगितलं सगळ्यांना." आणि मग पिशवीचंही सांगितलं, ती मांडीवर नको होती ते, बाकावर ठेवली ते, हात धुतले ते, सगळं एका दमात. तो ऐकत होता. मला वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मोजा काढला, कॉटवर ठेवला, आणि उघडा हात माझ्या नजरेला पडायच्या आत खिशात घातला. दाराशी जाऊन चपलेत पाय सरकवले. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. आता हा जाणार, मी मनात म्हटलं, आणि तेच चिंधीचे बोळे कोंबून उभा राहणार, आणि यापुढे माझ्याकडून पाण्याचा पेलासुद्धा घेणार नाही. भाऊ गेला माझा. मी कॉटचा कठडा घट्ट धरला.

"मला विचारायचंस तरी," तो दाराकडे बघून म्हणाला.

"तू बेशुद्ध होतास."

"ते नंतर, इंजेक्शन दिल्यावर. त्याच्या आधी मी पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर होतो. चांगला शुद्धीत. तू माझ्यासमोरून दोनदा गेलीस. ताई म्हणून हाक मारली मी." तो दारातच वळला. "मी काय बोललो असतो ते मला पण म्हाईत न्हाय. जाऊ द्या, इथंच करा, असंच बोललो असतो कदाचित. पण विचारायचंस."

मी हो म्हटलं. बाहेर कुणीतरी बादली आपटली, कुणीतरी कुणाला हाक मारली. तो चपला काढून परत आला. खिशातून फोन काढून डाव्या अंगठ्याने नंबर लावला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं, कारण काय सांगितलं ते मला कळलंसुद्धा नाही. मग तो माझ्याशेजारी कॉटवर बसला. "हे संपलं न्हाय," म्हणाला. "स्नेहल आली का तिच्यासमोर बोलायचं, सगळं. मी सोडणार न्हाय तुला." आणि खिशातून हात काढून त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला.

मी बघितलं. अंगठा. पहिलं बोट. मधलं दुसऱ्या पेरापर्यंत, टोकाला कातडी ओढून शिवलेली. पुढे दोन उंचवटे, त्यांतला एक सोललेला, ओला, कडेने जांभळा. काळा नव्हता. मी दोनदा बघितलं, काळा नव्हता. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं आणि या वेळी डॉक्टरशी तूच बोलायचं, मी म्हटलं, आणि त्याने मान हलवली. कोमट पाण्याने जखम पुसली, मलम लावून वर स्वच्छ फडकं ठेवलं. तो हिसका देईल असं वाटलं होतं, त्याने दिला नाही. मग मोजा घेऊन बोटांच्या मुळापर्यंत उसवला, त्याच्या हातात चढवला, आणि सुई तिथेच, हातावरच, घातली.

"ढिला ठेव जरा," तो म्हणाला. "बाहेर आल्यावर सुजतो."

मी दोन टाके वाढवले. अर्ध्या बोटाशी आले तेव्हा सुईचं टोक कातडीला लागेल म्हणून मी डाव्या हाताने ते बोट धरलं. एवढंसं होतं, गरम होतं. सुई पुढे घातली तसा त्याचा हात जरा मागे सरकला.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"तू तोंड फिरवू नको," तो म्हणाला.